वेव्हगाइडच्या रांगेत पसरलेला प्रकाश परत कसा आणायचा

काचेत शेजारी-शेजारी कोरलेल्या सारख्या वेव्हगाइडांपैकी (प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक वाटांपैकी) एकातच प्रकाश सोडला, तरी तो तिथे थांबत नाही. कपलिंगमुळे, म्हणजे जवळच्या वाटांमधल्या प्रकाशाच्या देवाणघेवाणीमुळे, तो शेजाऱ्यांकडे झिरपतो आणि z अंतरावर दोन्ही बाजूंना साधारण 2Cz वेव्हगाइडांपर्यंत पोचतो (C हा कपलिंगचा गुणांक). सगळी रांग चापावर वाकवली, की शेजाऱ्या-शेजाऱ्यांत फेजचा (प्रकाशलहरीच्या टप्प्याचा) सारखा फरक वाढत जातो आणि प्रकाश ठरावीक अंतराने मूळ जागी परततो. हेच ब्लॉख दोलन.

वाकवण्याआधी C मोजलाच पाहिजे. इथे घाई केली तर पुढचं कोणतंच चित्र नीट वाचता येत नाही. 60 मिमी लांबीचा फ्यूज्ड सिलिकाचा (शुद्ध सिलिका काचेचा) तुकडा घ्या. 800 नॅनोमीटर, 100 किलोहर्ट्झचा फेम्टोसेकंद लेसर, 0.45 एनएचं (न्यूमेरिकल अपर्चरचं) ऑब्जेक्टिव्ह भिंग, सुमारे 0.3 मायक्रोज्यूलच्या पल्स आणि सेकंदाला 1 मिमी वेग यांपासून सुरुवात करा. 15 मायक्रोमीटर अंतराच्या जोड्या कोरा. पहिला वेव्हगाइड पूर्ण लांबीचा, दुसरा मात्र बाहेरच्या टोकापासून मागे 2, 4, 6, 8, 10 मिमीच. 633 नॅनोमीटरचा प्रकाश पहिल्यात सोडून दुसऱ्यातला वाटा मोजा. तो sin²(CL) प्रमाणे बदलतो (L ही दुसऱ्याची लांबी). 7.9 मिमीला सगळा प्रकाश पलीकडे गेला, तर C = 0.2 प्रति मिमी. कधीच पूर्ण जात नसेल, तर दोन वेव्हगाइड सारखे नाहीत: पल्सची ऊर्जा सरकली आहे किंवा एक जाताना, दुसरा येताना कोरला आहे. सगळे एकाच दिशेने कोरा. C 0.2 पेक्षा कमी-जास्त आला तर अंतर एकेक मायक्रोमीटरनेच बदला, कारण कपलिंग अंतराबरोबर घातांकी घटतं.

आता वक्रता. आवर्तनाची लांबी, म्हणजे प्रकाश परत येण्याचं अंतर = λR/(nd); λ ही प्रकाशाची तरंगलांबी, R चापाची त्रिज्या, n काचेचा अपवर्तनांक आणि d वेव्हगाइडांमधलं अंतर. 30 मिमीसाठी, n = 1.457 धरून, R सुमारे 1.04 मीटर येते. चापाची सुरुवात काचेच्या कडेला काटकोनात ठेवा. शेवटी चाप 1.7 मिमी बाजूला सरकतो, तेवढी जागा राखा. सगळे चाप एकाच आकाराचे, फक्त 15 मायक्रोमीटरने सरकवलेले. स्टेजचा वेग चापावर कायम हवा आणि चापाचे तुकडे बारीक हवेत. मोठ्या सरळ तुकड्यांच्या सांध्यांवर प्रकाश विखुरतो. दोन्ही कडा पॉलिश करा, कारण कडेजवळ लेसरचा किरण कापला जाऊन वेव्हगाइड बिघडलेला असतो.

हायड्रॉक्सिल (OH) गट जास्त असलेल्या काचेत 633 नॅनोमीटरचा प्रकाश सोडला, की कोरलेला मार्ग 650 नॅनोमीटरच्या आसपास चमकतो. फिल्टर लावून वरून पाहिलं, की सगळा प्रवास दिसतो. (काच तापवून हळूहळू थंड केली, म्हणजे अनील केली, तर ही चमक जाते.) 15 मिमीला प्रकाश दोन्ही बाजूंना साधारण चार वेव्हगाइड पसरलेला आणि 30 मिमीला परत एकात आलेला दिसला पाहिजे. परतण्याची जागा चुकली तर R दुरुस्त करा, पसारा चुकला तर C. जागा बरोबर, पण शेजारी उजेड उरतोय, तर आधी आत सोडलेला ठिपका तपासा: तो दोन वेव्हगाइडांवर पडला असेल. ठिपका ठीक असेल, तर कोरण्यातला असमानपणाच कारण आहे, आणि तो R बदलून जात नाही.