छायाचित्रावरून घरच्यांचे पेस्टल (रंगीत खडूंचे) व्यक्तिचित्र : या चुका टाळा

नाक, डोळे, ओठ सगळे जागच्या जागी असूनही चित्रातला माणूस आपला वाटत नाही, तेव्हा दोष बहुधा हाताचा नसून निवडलेल्या फोटोचा असतो. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठे दिसते आणि कान लहान होऊन मागे सरकतात. असा फोटो जितका काटेकोरपणे उतरवावा, तितके चित्र त्या माणसापासून दूर जाते. त्यामुळे शक्य असेल तेव्हा दीड-दोन मीटरवरून, खिडकीतून एका बाजूने येणाऱ्या उजेडात, फ्लॅश न वापरता नवा फोटो काढावा.

दिवंगत आप्ताचा एकच जुना फोटो उपलब्ध असेल, तर हा पर्याय उरत नाही. समूहचित्रातला नखाएवढा चेहरा मोठा केल्यावर पापण्या आणि ओठांच्या कडा पुसट होतात आणि तो तपशील अंदाजाने भरण्याचा मोह होतो. माझ्या मते अशा वेळी चित्राचा आकार लहान ठेवावा आणि जे दिसत नाही ते मऊच राहू द्यावे, कारण कल्पनेने रेखलेली एक ठळक पापणीसुद्धा घरच्यांच्या नजरेला लगेच खटकते. दुसऱ्या फोटोची मदत घ्यायचीच असेल, तर त्यातला प्रकाश त्याच दिशेने आलेला आहे, याची आधी खात्री करावी.

रंगांतली सर्वांत मोठी चूक सावलीत होते. कॅमेऱ्यात गडद सावल्या अनेकदा सपाट काळ्या उमटतात. प्रत्यक्षात हनुवटीखालच्या सावलीत कपड्यांचा आणि भोवतालचा परावर्तित रंग मिसळलेला असतो. तेथे काळा खडू फिरवला की त्वचा मळकट दिसते, म्हणून गडद तपकिरी, जांभळा किंवा हिरवट छटा एकमेकींवर हलक्या हाताने द्याव्यात. बुबुळाभोवतीचा भागही शुद्ध पांढरा नसतो, कारण वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते. दात सुटे सुटे रेखू नयेत.

खडू कागदावर बसेनासा झाला आणि घसरू लागला, तर कागदाच्या पोतातील खळगे भरले आहेत असे समजावे. त्यावर आणखी दाबून रंग लावू नये. फलक उभा धरून कोरड्या, राठ कुंचल्याने थर झाडावा, उरलेला रंग मळता येणाऱ्या खोडरबराने टिपून घ्यावा आणि मगच पुढे जावे. मुळात कडक खडूंनी सुरुवात करून सर्वांत मऊ खडू शेवटासाठी राखले, तर ही वेळ सहसा येत नाही. सगळा चेहरा बोटाने घोटून गुळगुळीत केल्यास खडूच्या फटकाऱ्यांतला ताजेपणा जातो. घोटणे पार्श्वभूमीपुरते आणि गालाच्या वळणापुरतेच ठेवावे.

काही खडूंत कॅडमियमसारखी घातक रंगद्रव्ये असतात, त्यामुळे भुकटी फुंकरीने उडवू नये.

फिक्सेटिव्हच्या, म्हणजे खडूचा रंग कागदावर पक्का करणाऱ्या द्रवाच्या, जाड फवाऱ्याने उजळ छटा काळवंडतात. शेवटचे तेजोबिंदू, म्हणजे सर्वांत उजळ ठिपके, फवाऱ्यानंतरच द्यावेत. चौकटीत काच चित्राला टेकू नये यासाठी मध्ये माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी) घालावा, आणि काचेऐवजी साधे अ‍ॅक्रिलिक वापरू नये, कारण त्याच्या स्थिर विद्युतभारामुळे रंगाचे कण चित्रावरून ओढले जातात.