मोहरीला गंधक: कोणते, किती आणि केव्हा

मोहरीचे पीक नत्र आणि स्फुरद पुरेसे देऊनही फिके राहत असेल, तर पहिला संशय गंधकावर घ्यावा. गंधकाची कमतरता प्रथम कोवळ्या पानांवर दिसते. शेंड्याकडील पाने पिवळी पडून वाटीसारखी आत वळतात, त्यांच्या खालच्या बाजूस जांभळट छटा येते आणि फुलेही नेहमीच्या गडद पिवळ्याऐवजी फिकट उमलतात. नत्राच्या कमतरतेत मात्र खालची जुनी पाने आधी पिवळी होतात, हा फरक ओळखता आला की युरियाचा व्यर्थ खर्च टळतो.

मोहरीचा झणझणीतपणा ज्या ग्लुकोसिनोलेट संयुगांतून येतो, त्यांच्या रचनेतच गंधक असते. प्रथिनांतील सिस्टीन व मेथिओनीन ही अमिनो आम्ले आणि तेलनिर्मितीला लागणारे ‘सहविकर-ए’ (कोएन्झाइम ए) हे संयुगदेखील गंधकयुक्तच आहेत. त्यामुळे तृणधान्यांपेक्षा या पिकाची गंधकाची भूक मोठी असते, आणि ती भागली नाही तर शेंगा कमी भरतात व दाण्यातील तेलाचे प्रमाण घटते.

पेरणीपूर्वी माती तपासून घ्यावी. उपलब्ध गंधक १० पीपीएमपेक्षा (दहा लाख भाग मातीत १० भाग) कमी असल्यास हेक्टरी सुमारे ४० किलो, म्हणजे एकरी १६ किलो गंधक द्यावे. राजस्थानातील भरतपूर-अलवर हा मोहरीचा प्रमुख पट्टा. तेथील हलक्या, सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनींत सल्फेट पाण्याबरोबर खाली झिरपून जाते, त्यामुळे ही काळजी अधिक घ्यावी लागते.

खताची निवड करताना थोडा हिशेब मांडावा. एकरी १६ किलो स्फुरद द्यायचे असेल, तर ३५ किलो डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) पुरते, पण त्यातून गंधक मिळत नाही. तेवढेच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या दोन गोण्यांतून दिल्यास सोबत सुमारे ११ किलो गंधक येते. पोत्यांची वाहतूक वाढते खरी, तरी मोहरीसाठी माझा कल सुपर फॉस्फेटकडेच राहील. गंधकाच्या उरलेल्या ५ किलोंसाठी साधारण ३५ किलो जिप्सम पेरणीपूर्वी शेवटच्या कुळवणीत मिसळावे. सुपर फॉस्फेटमध्ये नत्र नसल्याने ते वेगळे द्यावे लागते, हे विसरू नये.

बेंटोनाइट गंधकात (बेंटोनाइट ही चिकणमाती मिसळलेले गंधक) ९० टक्के गंधक असले, तरी ते मूलद्रव्याच्या रूपात असते. जमिनीतील जिवाणूंनी त्याचे सल्फेटमध्ये रूपांतर केल्याखेरीज मुळांना ते घेता येत नाही. म्हणून ते पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी, ओल असताना मातीत मिसळावे. या क्रियेत आम्ल तयार होत असल्याने विम्ल, चुनखडीयुक्त जमिनीस ते मानवते. आम्लधर्मी जमिनीत टाळलेले बरे.

पेरणीच्या वेळी गंधक द्यायचे राहून गेले, तर ३० ते ३५ दिवसांनी पहिल्या पाण्याच्या वेळी एकरी २५ किलो अमोनियम सल्फेट द्यावे. त्यातून सुमारे ५ किलो नत्र व ६ किलो गंधक मिळते, आणि तेवढे नत्र युरियाच्या हप्त्यातून वजा करावे. भुरी रोगासाठी फवारल्या जाणाऱ्या, पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाचे प्रमाण फारच थोडे असते; ती फवारणी जमिनीतील मात्रेची जागा घेत नाही. शेंगा भरू लागल्यावर दिलेल्या खताचा त्या हंगामात विशेष उपयोग होत नाही.