अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांची कूस कशी बदलायची

माझ्या आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती बरेच दिवस पलंगावरच होती, आणि आम्ही सगळे औषधं, जेवण, डायपर यात इतके गुंतलो की पाठ बघायची राहूनच गेली. एकदा अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला, मी तेल लावून चांगला चोळला आणि तिथेच चुकलं. म्हातारपणी कातडी पातळ होते, लाल जागा चोळली की आतून अजून दुखावते.

आधी डाग ओळखा. बोटाने दाबून सोडा, जागा पांढरी होऊन परत लाल झाली तर दाब काढल्यावर बहुतेक बरी होते, पण दाबूनही लालच राहिली तर बेडसोरची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. सावळ्या अंगावर लाली कळत नाही, तिथे हाताला जागा गरम किंवा कडक लागते का बघा. टाचा, खुबे, माकडहाड रोज बघायचं.

आता कूस. साधारण दर 2 तासांनी, मोबाईलला अलार्म लावा, एअरबेड असला तरी. हात धुवा, अंगठ्या-बांगड्या काढा, पलंगाची चाकं लॉक करा. मग सांगा, "आजी, तुला माझ्याकडे वळवते हं", विसरभोळेपणा असला तरी सांगायचंच, नाहीतर घाबरून अंग ताठ करतात. तुमच्यापासून लांबचा हात छातीवर घ्या, त्याच बाजूचा गुडघा दुमडा, एक हात खांद्यामागे, एक खुब्यामागे, आणि अख्खं अंग एकदम वळवा. दंडाला धरून ओढायचं नाही. खुब्याचं ऑपरेशन असेल तर कुठल्या कुशीवर चालेल ते सर्जनलाच विचारा.

पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून 30 अंश तिरकं ठेवा. गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि एक पोटरीखाली, म्हणजे टाच अधांतरी राहते. वर सरकवायचं तर खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी उचलायचं, फरफटवलं की कातडी सोलते. भोकाची रिंग उशी मात्र आणू नका, तिच्या कडेनेच रक्त अडतं.

जेवताना बसवा, जेवणानंतर अर्धा तास तसंच बसू द्या.

कातडी फुटली, काळी पडली, वास आला किंवा ताप आला तर घरी पावडर मारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.