मोटीवाला: रिट्रीव्हर क्लबात नव्यानं येणाऱ्यांसाठी

क्लबात पहिली दोन वर्षं माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मी 'मोटीवाला' होतो. कुत्र्याचं नाव मोती. इंग्रजी जिभेवर त्याचा मोटी झाला, आणि जातीनं लॅब्राडोर असल्यामुळे वर्षभरात त्यानं ते नाव सार्थही केलं. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. इथे सगळ्यांची ओळख आधी कुत्र्यावरूनच होते. आज मलाही क्लबातल्या कुत्र्यांची नावं माणसांच्या नावांपेक्षा जास्त येतात.

ब्रिटनमध्ये नव्यानं आलेले, गोल्डन किंवा लॅब्राडोर असा रिट्रीव्हर जातीचा कुत्रा घेतलेले किंवा घ्यायच्या विचारात असलेले मराठी लोक हल्ली मला विचारतात, की हे क्लब आपल्यासारख्यांसाठी असतात का. असतात. फक्त आत शिरायचा दरवाजा आपण शोधतो तिथे नसतो.

आपल्याला वाटतं क्लब म्हणजे क्लास. फी भरली, की कुणीतरी कुत्रा शिकवून देणार. मीही तसाच गेलो होतो. प्रत्यक्षात विभागीय रिट्रीव्हर क्लब म्हणजे पाच-पंचवीस झटणारी माणसं, एक सचिव, एक खजिनदार आणि कुणाच्या तरी गॅरेजमध्ये ठेवलेल्या डमींच्या, म्हणजे कुत्र्यानं आणायच्या नकली शिकारीच्या, पिशव्या. ऑफिस नाही, पगारी माणूस नाही. १८७३ साली स्थापन झालेल्या केनेल क्लब या कुत्र्यांच्या देशव्यापी संस्थेकडे या क्लबांची नोंदणी असते आणि स्पर्धांचे नियम तिथून येतात. बाकी सगळं सभासदांच्या अंगमेहनतीवर चालतं. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की कुत्रा आणायच्या आधी तुम्ही जा. कुत्रा नसेल तरी जा. वर्किंग टेस्टच्या, म्हणजे कुत्र्यांच्या कामाच्या स्पर्धेच्या, दिवशी डमी फेकायला माणसं कधीच पुरत नाहीत. सचिवाला आठवडाभर आधी कळवा, की मी मोकळा आहे, काय करू? त्या एका प्रश्नानं जे काम होतं ते महागड्या जॅकेटानं होत नाही.

मी हे उशिरा शिकलो. पहिलं वर्ष ट्रेनिंगला वेळेवर यायचो, वेळेवर जायचो, सगळ्यांशी गोड बोलायचो आणि तरी कडेलाच असायचो. मग एका जूनमध्ये मोतीच्या पंजात गवताचं कुसळ शिरलं आणि त्याला महिनाभर मैदान बंद झालं. टेस्टची भरलेली एन्ट्री फुकट जाणार म्हणून मी नुसता मदतीला गेलो. सकाळपासून एका कुंपणामागे उभा राहून, जजनं हात वर केला की डमी फेकायची, एवढंच काम. प्रत्येक वेळी त्याच उंचीवर, त्याच झुडपाजवळ, नाहीतर कुणावर तरी अन्याय. दुपारपर्यंत खांदा भरून आला. पण त्या दिवशी चाळीसेक कुत्री समोरून काम करताना पाहिली. कुठला कुत्रा डमी पडताना टक लावून पाहतो, कुठला नुसता आवाजावर धावतो, कुठला मालक उगाच शिट्ट्या मारून कुत्र्याचा गोंधळ करतो, हे सगळं तिथून दिसतं. वर्षभराच्या ट्रेनिंगमध्ये एवढं शिकलो नव्हतो. जेवणाच्या सुट्टीत एका आजींनी आपल्या शेजारची खुर्ची सरकवून विचारलं, "तुमचं नाव काय म्हणालात?" मी ते आधी कधी म्हणालोच नव्हतो.

अनेक क्लबांत सभासद होण्यासाठी प्रस्तावक आणि अनुमोदक अशा दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. नव्या माणसाला ही अट भिंतीसारखी वाटते, कारण तो कुणालाच ओळखत नसतो. आपल्याला बाहेर ठेवायला हे केलंय असा ग्रह करून घेऊ नका. ही पद्धत जुनी आहे आणि सगळ्यांना सारखीच आहे. बहुतेक ठिकाणी सामूहिक फिरण्याला किंवा एखाद्या ट्रेनिंगला सभासद नसतानाही येऊ देतात. तिथून सुरुवात करा.

आता कामाचं. रिट्रीव्हर म्हणजे आणून देणारा. मारलेला पक्षी न फाडता, न चावता हातात आणून द्यायचा, यासाठी ही कुत्री घडवली गेली. लॅब्राडोर, गोल्डन, फ्लॅटकोट, कर्लीकोट, चेसापीक बे आणि नोव्हा स्कोशिया डक टोलिंग, अशा सहा जाती इथे रिट्रीव्हर म्हणून धरतात. वर्किंग टेस्टमध्ये पक्ष्यांऐवजी कॅनव्हासच्या डमी असतात, साधारण अर्धा किलोच्या. डमी पडताना कुत्र्यानं पाहिली तर ते 'मार्क'. पाहिली नसेल आणि तुम्ही हातानं, शिट्टीनं दिशा देऊन तिथे पोचवायचं असेल तर 'ब्लाइंड'. प्रत्येक कसोटीला सहसा वीस गुण. नवख्यांना वाटतं धावणं महत्त्वाचं. खरी परीक्षा न धावण्याची असते. बंदुकीचा बार झाला, डमी हवेतून गेली, शेजारचा कुत्रा सुटला, आणि आपला पठ्ठ्या पायाशी बसून आहे, पट्ट्याशिवाय. हे जमायला आम्हाला दीड वर्ष लागलं. हुकूम नसताना सुटला, कुईकुई केली, भुंकला किंवा एक डमी टाकून दुसरी उचलली, की त्या कसोटीत शून्य.

माझी पहिली टेस्ट सांगतो, म्हणजे तुमची तुम्हाला बरी वाटेल. मोतीनं मार्क अचूक टिपला, डमी सुरेख उचलली, माझ्याकडे निघाला, आणि वाटेत चहाच्या तंबूचा वास आला. डमी तोंडात, शेपटी उंच, स्वारी तंबूत. मी शिट्टी फुंकून फुंकून लाल. जजबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "डिलिव्हरी उत्तम होती. पत्ता चुकला."

याबाबतीत लॅब्राडोरवर फार रागावू नका. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गायब असतो, आणि अशा कुत्र्यांची खा-खा आणि वजन दोन्ही जास्त असतं. मोतीची तपासणी मी केलेली नाही. गरज वाटली नाही.

मैदानावरचे काही शिष्टाचार कुणी तोंडानं सांगत नाही, ते पाहून शिकावे लागतात. जजनं बोलावल्याशिवाय पुढे जायचं नाही आणि जज "थँक यू" म्हणेपर्यंत कुत्र्याला पट्टा लावायचा नाही. दुसऱ्याचा कुत्रा काम करत असताना बोलायचं नाही, फोन तर नाहीच. मादी माजावर असेल तर तिला आणायचंच नाही, गाडीत बंद करूनसुद्धा नाही. तिच्या नुसत्या वासानं बाकी सगळ्यांच्या दिवसाची माती होते. कपडे हिरवे, तपकिरी, मळखाऊ. माझं पहिलं जॅकेट भडक नारिंगी होतं. त्यावर कुणी काही बोललं नाही, फक्त एकानं काळजीनं विचारलं, "हरवायची भीती वाटते का?" शिट्टी अ‍ॅक्मेचीच घ्या, २११½ नंबरची. रिट्रीव्हरवाल्यांत तीच जास्त चालते, आणि हरवली तर कुणाच्याही खिशातून तोच सूर मिळतो. एक लांब फुंक म्हणजे थांब आणि माझ्याकडे बघ, छोट्या छोट्या चार-पाच म्हणजे परत ये. कुत्र्याला मराठीतून हुकूम दिलेले चालतात का? अगदी चालतात. मोती 'बस' आणि 'आण' वरच वाढला. आता दोन-तीन गोरे लोक त्याला 'आन' म्हणून हाक देतात आणि तो बिचारा ऐकतोही.

भाषेवरून आठवलं. इथे कुत्र्याची निंदा कुणी सरळ करत नाही. तुमचा कुत्रा 'कीन' आहे म्हणाले, तर तो हाताबाहेर आहे. त्याच्यात 'पुष्कळ ड्राइव्ह' आहे म्हणाले, तर तो शेजारच्या परगण्यात पोचला होता. "तो फारच मजेत दिसतोय" हे ऐकलंत तर ताबडतोब पट्टा लावा. उलट "नॉट बॅड" म्हणजे शाबासकी आहे. मला हे कळायला वेळ लागला, तोवर मी "व्हेरी कीन" ऐकून घरी खुशीत येत होतो.

वर्किंग टेस्ट वसंतात आणि उन्हाळ्यात. फील्ड ट्रायल शिकारीच्या हंगामात, म्हणजे शरद आणि हिवाळ्यात. फेझंट या शिकारीच्या पक्ष्याचा हंगाम इंग्लंडात १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. ट्रायलमध्ये खरी शिकार असते, खरे पक्षी पडतात. आपल्यातल्या अनेकांना इथे अडखळायला होतं आणि ते साहजिक आहे. मी स्वतः मेलेला पक्षी हातात घ्यायला दोन हंगाम लावले. तुम्हाला ते नकोच असेल तर नुसतं डमीवर काम करा. क्लबातले कित्येक जुने सभासदही तेवढंच करतात आणि कुणी कारण विचारत नाही. मात्र शिकारीवर सरसकट टीका करत मैदानात उतरू नका. ज्या शेतकऱ्याच्या किंवा इस्टेटीच्या जमिनीवर आपण उभे असतो, ती बहुतेकदा याच लोकांच्या ओळखीतून मिळालेली असते.

आणि ही जमीन हेच क्लबाचं खरं भांडवल. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. विष्ठा आपली आपण उचलायची. मेंढ्या दिसल्या की कुत्रा पट्ट्यात, मग तो कितीही गुणी असो. मेंढ्यांमागे लागणाऱ्या कुत्र्याच्या मालकावर १९५३ च्या कायद्यानं गुन्हा दाखल होतो आणि प्रसंगी शेतकरी कुत्र्याला गोळी घालू शकतो. एका कुत्र्याच्या एका धावेपायी क्लबानं वीस वर्षांचं मैदान गमावलेलं मी पाहिलंय. काम करताना कुत्र्याच्या गळ्यात काहीच ठेवत नाहीत, काट्याकुट्यात अडकू नये म्हणून. पण सार्वजनिक जागी मालकाचं नाव-पत्ता असलेला पट्टा कायद्यानं लागतो, तेव्हा मैदान सोडलं की तो आधी चढवा. मायक्रोचिपही सक्तीची आहे, इंग्लंडात २०१६ पासून. आपण भाड्याची घरं बदलत राहतो आणि चिपच्या नोंदीतला पत्ता जुनाच राहतो. घर बदललंत की त्याच आठवड्यात तो बदला.

पिल्लू घेणार असाल तर घाई करू नका, क्लबातून चौकशी करा. चांगले ब्रीडर सहसा जाहिरातीत सापडत नाहीत, ओळखीत सापडतात. आणि ते तुमचीच उलटतपासणी घेतात. दिवसभर घरी कोण असतं, बागेला कुंपण आहे का, घरमालकाची परवानगी लेखी आहे का? याचा राग मानू नये, असं विचारणाराच विश्वासाचा. तुम्हीही आई-बापाचे हिप स्कोर मागा. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे पाहून प्रत्येकी ० ते ५३ असे दोष मोजतात, म्हणजे एकूण ० ते १०६, आणि आकडा जितका लहान तितकं चांगलं. कोपरांना ० ते ३ अशी श्रेणी देतात, आणि डोळ्यांची तपासणी वेगळी. पिल्लू आईजवळ पाहायला मिळालंच पाहिजे. इंग्लंडात २०२० पासून सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदारानं किंवा दलालानं विकणं बेकायदेशीर आहे. ते ब्रीडरकडून घ्यावं लागतं, नाहीतर सोडलेल्या कुत्र्यांना नवं घर शोधणाऱ्या रेस्क्यू संस्थेकडून.

चहाच्या वेळी गोल्डनवाल्यांशेजारी बसलात तर सर्कशीची गोष्ट निघणारच. ही जात रशियन सर्कशीतल्या कुत्र्यांपासून आली अशी दंतकथा पूर्वी चालायची. १९५२ साली जुन्या नोंदवह्या उजेडात आल्या आणि कळलं, की स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गिसाकन इस्टेटीवर लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ मध्ये नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीची बेल नावाची कुत्री यांची पिल्लं घेतली, तिथून सगळं सुरू झालं. ही माहिती तुम्हाला आधीच आहे असं दाखवू नका. सांगणाऱ्याचा आनंद मोठा असतो, आणि बिस्किटांचा डबा त्याच्याच हाताशी असतो. जाता जाता एक सांगतो. त्या डब्यातलं काही कुत्र्यांपर्यंत जाऊ देऊ नका. बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेल्या गोड वस्तू त्यांना विषारी असतात.

शोचं, म्हणजे कुत्र्यांच्या देखणेपणाच्या स्पर्धांचं, मी थोडक्यात आटपतो, कारण मला त्यात गम्य नाही. तीन वेगवेगळ्या जजांकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेटं मिळाली की कुत्रा शो चॅम्पियन, आणि त्यासाठी माणसं रात्रीच्या तीनला उठून कुत्र्याची आंघोळ उरकतात. मोतीला आंघोळ आवडत नाही आणि मला रात्रीचे तीन.

मोती आता अकराचा आहे. खुबे कुरकुरतात, ब्लाइंडवर पाठवला तर अर्ध्या वाटेत बसून विचार करतो. क्लबात त्याच्या वयाच्या कुत्र्यांसाठी महिन्यातून एकदा सावकाश फेरी असते, तिथे आम्ही जातो. दुसरं पिल्लू घ्यायचं नाही असं घरी ठरलंय, म्हणून गेल्या वर्षापासून मी क्लबाच्या रेस्क्यूसाठी कुत्रा घेऊ पाहणाऱ्यांची घरं पाहायला जातो. घटस्फोट, आजारपण, नोकरीची बदली अशा कारणांनी सोडलेली ही कुत्री असतात, बहुतेक दोन ते सहा वर्षांची, घरात वावरायची सवय असलेली. पिल्लाच्या पहिल्या वर्षाचा धसका असेल तर यांचा विचार करा. मी तुमच्याकडे आलो तर आधी कुंपण पाहीन, मग चहा घेईन.

अनेक क्लबांची वर्गणी जानेवारीत भरायची असते. अर्जावर दोन सह्या हव्यात. त्यातली एक, दोन-तीन रविवार डमी फेकून झाल्यावर, माझ्याकडून घ्या.