गेलेल्या गायकाच्या जागी गायला उभं राहायचंय? आधी हे वाचा

समजा फोन आला. एखाद्या जुन्या बॅन्डचा गायक गेलाय, दोन-तीन वर्षं सगळं बंद होतं आणि आता उरलेले म्हणतायत एक शो करूया, तू गाशील का. भारी वाटतं आणि पोटात गोळाही येतो. माझ्यावर ही वेळ अगदी छोट्या लेव्हलला आलेली, ते खाली सांगतोच, पण शिकायचं तर क्वीन या ब्रिटिश रॉक बॅन्डकडून शिका. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला आणि त्यानंतर गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलरनी या बाबतीत होते नव्हते ते सगळे प्रयोग करून ठेवलेत.

हो म्हणायच्या आधी एक विचारून घ्या, पोस्टरवर काय छापणार? पाहुणा की नवा मेंबर? क्वीनने इथे सरळ अधिकचं चिन्ह टाकलं. आधी क्वीन प्लस पॉल रॉजर्स, २००४ ते २००९, मग क्वीन प्लस अ‍ॅडम लॅम्बर्ट. त्या एका चिन्हाने अर्धी भांडणं मिटतात, कारण कोणी म्हणूच शकत नाही की तू त्याची जागा घेतलीस. नाव हलक्यात घेऊ नका, द डोअर्स या बॅन्डचाही गायक गेलेला, उरलेल्यांतल्या दोघांनी इयन अ‍ॅस्टबरीला गायला घेऊन जुन्याच नावाला शेपूट लावून शो चालू केले तर त्यांचाच ड्रमर जॉन डेन्समोर कोर्टात गेला आणि जिंकला.

आता गाण्याचं, इथे वेळ घालवा. सगळे जण स्टुडिओतली रेकॉर्डिंग लावून त्या वरच्या सुरांमागे धावतात आणि पंधरा दिवसांत गळा बसवून घेतात. असं करू नका, लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका. फ्रेडी स्वतः स्टेजवर कितीतरी वरच्या जागा खाली घेऊन गायचा, गळ्याला गाठींचा त्रास होता त्याला, आणि एकदम वरच्या किंकाळ्या रॉजर ड्रमवर बसून मारायचा. म्हणजे ज्याची भीती वाटतेय ते खुद्द त्यानेही रोज केलेलं नाही! त्यांच्या बोहेमियन रॅप्सडी गाण्याचा मधला ऑपेराचा भाग तर त्याच्या काळातही टेपवर वाजायचा आणि चौघंही आत निघून जायचे. तर वही घ्या, प्रत्येक गाण्यासमोर लिहा की कुठली ओळ माझी, कुठली कोरसची, कुठे सूर उतरवायचा. बॅन्डवाले म्हणतील ओरिजिनल पट्टीतच पाहिजे. एकदा त्यांच्या पट्टीत आणि एकदा तुमच्या पट्टीत फोनवर रेकॉर्ड करून ऐकवा, वाद तिथेच संपतो.

तालमीत हातचं राखून गाऊ नका. २० एप्रिल १९९२ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर फ्रेडीसाठी मोठा शो झाला, ७२ हजार लोक, त्यात गायक जॉर्ज मायकलने क्वीनचं समबडी टू लव्ह गायलं आणि आजही लोक म्हणतात यालाच ठेवायला पाहिजे होतं. त्याच्या तालमीचा व्हिडिओ शोधून बघा, समोर प्रेक्षक नाहीत, बाजूला गायक डेव्हिड बोवी ऐकत उभाय आणि हा माणूस शोच असल्यासारखा गातोय.

आवाज त्याच्यासारखा असलाच पाहिजे असंही नाही. पॉल रॉजर्स मुळात फ्री आणि बॅड कंपनी या बॅन्डांचा, गळा ब्लूजचा, तो तसाच गायला आणि स्वतःचं ऑल राइट नाऊसुद्धा सेटमध्ये घेतलं. कट्टर फॅन्सना ते पचलं नाही, मला विचाराल तर मलाही फार नाही, पण नक्कल केली असती तर त्याहून वाईट झालं असतं. लॅम्बर्टने मधला रस्ता काढला, चमचमाट भरपूर पण सगळा स्वतःचा, फ्रेडीची मिशी नाही, त्याचं पिवळं जाकीट नाही, आणि शोमध्ये माइकवर सांगून टाकतो की फ्रेडी एकच, मी पण तुमच्यासारखा फॅनच. तुम्हीही हे पहिल्या दोन-तीन गाण्यांत उरकून टाका आणि दोन वाक्यांत संपवा, भाषण नको.

मिशीवरून माझी गोष्ट. आमच्याकडे एका बॅन्डचा गायक होता, सगळे त्याला दादाच म्हणायचे, क्वीनची गाणी पिवळं जाकीट घालून गायचा. तो गेल्यावर वर्षाने मला उभं केलं आणि मी शहाणपणा करून शिंप्याकडून तस्संच जाकीट शिवून घेतलं, वर काजळाने मिशी. तिसऱ्या गाण्याला घामाने मिशी ओघळून हनुवटीवर आली. पहिल्या रांगेत वहिनींनी मान खाली घातली, मला वाटलं रडतायत, पोटात धस्स झालं. नंतर कळलं हसत होत्या. (आणि हो, खऱ्या फ्रेडीचा पहिला बॅन्ड द हेक्टिक्स आपल्या पाचगणीतलाच, सेंट पीटर्स शाळेतला. दादा हे प्रत्येक शोला सांगायचा.)

शेवटचं, आणि हे बॅन्डशी भांडून मिळवा, एक गाणं त्याच्यासाठी रिकामं सोडा. क्वीनच्या शोमध्ये लव्ह ऑफ माय लाइफला लॅम्बर्ट स्टेजवर नसतोच, ब्रायन एकटा गिटार घेऊन बसतो, लोक गातात आणि शेवटी पडद्यावर फ्रेडी येतो. लिंकिन पार्क या बॅन्डने त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन गेल्यावर २७ ऑक्टोबर २०१७ ला हॉलिवूड बोलमध्ये नम्ब हे गाणं वाजवलं तेव्हा कुठलाच पाहुणा पुढे आला नाही, रिकाम्या माइकवर लाइट आणि गाणं पूर्ण लोकांनी म्हटलं. स्क्रीनबिन नसली तरी चालतं. फक्त लोकांचा सूर तुमच्यापेक्षा खाली लागतो हे गिटारवाल्याला आधीच सांगून ठेवा.

आम्ही नव्हतं सांगितलं. दुसऱ्या वर्षी मी साधा काळा टीशर्ट घालून गायलो आणि दादाच्या आवडत्या गाण्याला पाण्याची बाटली घेऊन ड्रमच्या मागे जाऊन बसलो. गिटारवाल्याने नेहमीसारखं गिटारच्या दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सूर वर चढवणारा चिमटा, लावून चालू केलं, लोकांना ते झेपेना, सगळे पुटपुटायला लागले. तेवढ्यात वहिनींनी खालच्या सुरात एकटीनेच ओळ उचलली. तो थांबला, कॅपो काढून खिशात टाकला आणि त्यांच्या सुरात पहिल्यापासून परत सुरू केलं.