गिगाबिट कार्डाचा खरा वेग कसा मोजायचा

फाइल कॉपी करून नेटवर्क कार्डाचा वेग ठरवू नका. त्यात डिस्क, फाइल शेअरिंग, अँटिव्हायरस असे सगळेच भागीदार असतात आणि आकडा कमी आला तर दोष कुणाचा ते कळत नाही. त्याऐवजी आयपर्फ३ (iperf3) हे नेटवर्कचा वेग मोजणारं साधन वापरा. ते मेमरीतूनच डेटा पाठवतं, डिस्कला हात लावत नाही.

आधी कमाल किती येऊ शकतं याचा हिशोब करा. १५०० बाइटच्या प्रत्येक पॅकेटमागे हेडर, चेकसम, प्रीअँबल (सुरुवातीची खूण) आणि दोन फ्रेममधली (फ्रेम म्हणजे तारेवर जाणारं पूर्ण पाकीट) सक्तीची मोकळी जागा मिळून तारेवर आणखी ३८ बाइट खर्च होतात. पॅकेटच्या आतले ५२ बाइट आयपी आणि टीसीपीचे हेडर खातात, टीसीपीचा टाइमस्टँप (वेळेची नोंद) धरून. उरले १४४८. त्याला १५३८ ने भागलं की ९४.१ टक्के. म्हणजे सेकंदाला १००० पैकी ९४१ मेगाबिट आले तर कार्ड पूर्ण क्षमतेने चालतंय. उरलेले ५९ शोधत बसू नका. टाइमस्टँप बंद असेल तर ९४९ पर्यंत जातं.

दोन्ही मशीन एकाच केबलने थेट जोडा, मध्ये स्विचही नको. हाताने आयपी द्या, १९२.१६८.५०.१ आणि १९२.१६८.५०.२ चालतील. वाय-फाय बंद करा. मग एथटूल (ethtool) या लिनक्सच्या कमांडने लिंकचा वेग तपासा. १००० ऐवजी १०० दिसलं तर पहिला संशय केबलवर घ्या: १०० मेगाबिटला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. क्रिंपिंग करताना, म्हणजे टोकाला कनेक्टर बसवताना, एक तार नीट बसली नाही तरी लिंक १०० वर येऊ शकते.

एका मशीनवर आयपर्फ३ डॅश एस लावून चालवा. दुसऱ्यावर डॅश सी आणि समोरचा पत्ता, डॅश टी ३०, डॅश कॅपिटल ओ ३. हा शेवटचा पर्याय सुरुवातीचे ३ सेकंद मोजणीतून वगळतो, कारण तेव्हा टीसीपी अजून वेग पकडत असतो. जोडणीच होत नसेल तर फायरवॉलमध्ये ५२०१ पोर्ट उघडा. नंतर डॅश कॅपिटल आर लावून उलट दिशाही मोजाच. डेटा घेताना प्रोसेसरवर सहसा जास्त ताण येतो, आणि कमकुवत मशीन तिथेच उघडी पडते.

थेट केबलवर रिट्रान्समिटचा, म्हणजे पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पॅकेटांचा, रकाना शून्याजवळ हवा. तो वाढत असेल तर एथटूल डॅश कॅपिटल एस मध्ये सीआरसी एरर (चेकसम न जुळलेल्या फ्रेम) पाहा. त्याही वाढत असतील तर केबल बदला. एरर नाहीत तरी वेग कमी? टॉप ही प्रोसेसरवरचा भार दाखवणारी कमांड चालवून १ दाबा आणि एखादा कोअर १०० टक्क्यांवर अडकलाय का बघा. डॅश कॅपिटल पी ४ ने चार प्रवाह करता येतात, पण ३.१६ च्या आधीच्या आवृत्त्यांत ते सगळे एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालतात, म्हणून नवी आवृत्ती घ्या.

कधी अडथळा कार्डामागच्या बसमध्ये, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या मार्गात, असतो. रास्पबेरी पाय ३ बी प्लस या छोट्या संगणकाचा पोर्ट गिगाबिट, पण तो यूएसबी २.० वरून जातो, त्यामुळे ३०० मेगाबिटच्या आसपास थांबतो.

एकाच लिनक्स मशीनमधली दोन कार्डं एकमेकांना जोडून मोजू नका. कर्नल (लिनक्सचा गाभा) डेटा आतल्या आतच फिरवतो, केबल काढली तरी भलामोठा आकडा येतो. तसंच करायचं असेल तर एक कार्ड वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये, म्हणजे लिनक्समधल्या स्वतंत्र नेटवर्क कप्प्यात, हलवा.