वैद्यकीय कागद सांभाळताना या चुका टाळा (लॅमिनेशन सगळ्यात आधी)

ईसीजी लॅमिनेट करू नका. कितीही वेळा सांगितलं तरी फायलीतून चकचकीत काळे कागद निघतच राहतात, म्हणून सुरुवात इथूनच. ईसीजीचा कागद बहुतेक वेळा थर्मल असतो. त्यावर शाई नसते. कागदावरच्या लेपातलं रसायन उष्णतेनं काळं पडतं आणि तीच आपल्याला दिसणारी रेघ. लॅमिनेशनचं मशीन हाच कागद तापलेल्या रोलरमधून काढतं, तेव्हा रेघेसकट सगळा कागद काळा होतो. मऊ पीव्हीसी पाकिटातही तो सुखरूप राहत नाही, कारण प्लॅस्टिक लवचिक ठेवणारी द्रव्यं झिरपतात आणि रेघ फिकट होत जाते. चिकटपट्टी, सॅनिटायझरचा ओला हात आणि ऊन यांनीही तेच होतं.

एवढा आग्रह कशाला, तर इमर्जन्सीत नेहमी उभा राहणारा एक प्रसंग बघा. छातीत जडपणा वाटतो म्हणून साठीतल्या गृहस्थांना रात्री आणलेलं असतं. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला विजेचा संदेश पोचवणाऱ्या वाटेत अडथळा, दिसतो. हा ब्लॉक जुना असेल तर डॉक्टर एका दिशेनं विचार करतात. तो नवा असेल, तर हार्ट अटॅकची शंका बळावते. म्हणून पहिला प्रश्न येतो, ‘जुना ईसीजी आहे का?’ मुलगा मोठ्या विश्वासानं फाइल उघडतो. आत लॅमिनेट केलेला काळा कागद आणि एका जुन्या चिठ्ठीवर ‘ईसीजीत बदल आहेत, औषधं चालू ठेवा’ एवढीच ओळ. कुठले बदल, ते त्या चिठ्ठीवरून कुणीच सांगू शकत नाही. मग त्याच रात्री अँजिओग्राफी होते आणि रक्तवाहिन्या मोकळ्या निघतात. डॉक्टरांचं चुकलेलं नसतं, तुलनेला हातात काहीच नव्हतं.

उपाय सोपा आहे, फक्त तो ईसीजी काढला त्याच दिवशी करावा लागतो. रंगीत स्कॅन करा, ३०० डीपीआयला (स्कॅनरमधलं बारकाव्याचं सेटिंग), पूर्ण कागद, नाव-तारीख-वेळेसकट. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मोड वापरू नका, त्यात मागचे गुलाबी चौकोन उडतात. नेहमीच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला २५ मिलीमीटर, काढलेल्या ईसीजीत एक छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा असतो. चौकोनच नसतील तर मोजायचं कशावर? मूळ कागद साध्या कागदी पाकिटात, अंधाऱ्या कपाटात ठेवा.

दुसरी चूक तितकीच जुनी: ‘रिपोर्ट आहे ना, स्कॅनची सीडी कशाला?’ रिपोर्ट म्हणजे एका रेडिओलॉजिस्टनं एका दिवशी, एका प्रश्नाच्या संदर्भात लिहिलेलं मत. उद्या प्रश्न बदलतो. पोटासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसाचा खालचा भागही येतो, आणि तेव्हा कुणी त्याकडे फारसं पाहिलेलं नसतं. काही वर्षांनी तिथे छोटी गाठ दिसते. भरीव गाठ दोन वर्षांत जराही वाढलेली नसेल, तर ती साधारणपणे निरुपद्रवी मानतात. म्हणजे जुन्या प्रतिमा हातात असतील तर काळजी त्याच दिवशी संपू शकते. त्या नसतील तर काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन, पुन्हा किरणं, आणि मधले महिने घरातल्या कुणालाच धड झोप नाही.

फिल्मवर स्कॅनमधले निवडक काप (शरीराच्या एकेका थराची चित्रं) छापलेले असतात. मोबाइलनं काढलेला फिल्मचा फोटो तर त्याहून निरुपयोगी, आणि मेसेजिंग अॅपवरून पाठवला की उरलासुरला तपशीलही जातो. हव्या असतात त्या मूळ डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनच्या मशीनमधून निघालेल्या मूळ डिजिटल प्रतिमा. त्यात फुफ्फुसासाठी, हाडासाठी, मऊ भागांसाठी उजेड-अंधार बदलून पाहता येतो आणि गाठ मिलीमीटरमध्ये मोजता येते. सीडी किंवा पेनड्राइव्ह घरी आणल्यावर पूर्ण फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा. आतल्या काही फाइलना एक्स्टेन्शन (नावापुढचं ‘.jpg’सारखं शेपूट) नसतं, नावंही अगम्य असतात. ‘फालतू दिसतात’ म्हणून त्या उडवणारे महाभाग कमी नाहीत, आणि बहुतेकदा नेमक्या त्याच प्रतिमा असतात. ‘DICOMDIR’ नावाची फाइल ही त्यांची अनुक्रमणिका, तिलाही हात लावू नका. कॉपी झाल्यावर मायक्रोडायकॉम किंवा होरोससारख्या व्ह्यूअरमध्ये (अशा प्रतिमा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एकदा उघडून बघा. सीडी कोरी निघाली तर ते त्याच आठवड्यात कळलेलं बरं.

आता हॉस्पिटलकडून जुने कागद काढण्याबद्दल. खिडकीवर जाऊन ‘माझे सगळे कागद द्या’ म्हटलं की डिस्चार्ज कार्डाची प्रत हातात पडते आणि माणूस खूश होऊन घरी जातो. डिस्चार्ज कार्ड हा फक्त सारांश. लेखी अर्जात एकेक नाव लिहून मागा: ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोंद, औषधांचा चार्ट, आयसीयू चार्ट, बायोप्सी रिपोर्ट, इम्प्लांटचे (शरीरात बसवलेल्या वस्तूचे) स्टिकर. अर्जावर तेव्हाचं नाव (लग्नानंतर बदललं असेल तर दोन्ही), जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि सुटल्याची तारीख, रुग्ण क्रमांक. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर पोच. तारीख आठवत नसेल तर जुनी बिलं, विम्याचा दावा, बँकेच्या नोंदी, फोनमधले मेसेज चाळा. विम्याच्या दाव्याच्या फायलीत कधीकधी हॉस्पिटलकडे उरली नसेल एवढी कागदपत्रं असतात. आणि मूळ कागद दाव्याला देण्याआधी स्कॅन करा, नंतर ते परत मिळवण्यात फार दमछाक होते.

ही विनंती ‘कधीतरी’वर ढकलू नका. नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात, संगणक प्रणाली बदलतात, दवाखाने बंद पडतात. डिस्चार्जच्या दिवशी अर्धा तास जास्त थांबायला लोक तयार नसतात आणि दहा वर्षांनी तोच कागद शोधत गावभर फिरतात.

पेसमेकर, स्टेंट, कृत्रिम सांधा, मेंदूतली क्लिप: कंपनी, मॉडेल आणि सीरियल किंवा लॉट नंबर असलेला स्टिकर स्वतःकडे हवाच. मॉडेल माहीत नसेल तर एमआरआय अडकतो.

अॅलर्जी लिहिताना ‘अँटिबायोटिक चालत नाही’ असं मोघम लिहू नका. औषधाचं नाव, काय झालं (पुरळ, सूज, दम), किती वेळात, कोणत्या वर्षी.

रक्ताचे आकडे एक्सेलमध्ये चढवून रिपोर्ट फेकून देऊ नका. एकक सुटलं की आकड्याला अर्थ उरत नाही: साखरेचा १ मिलिमोल प्रतिलिटर म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर. प्रयोगशाळा बदलली की पद्धत आणि नॉर्मलची मर्यादाही बदलू शकते, आणि ती मूळ रिपोर्टवरच छापलेली असते.

मेसेजमधून आलेली रिपोर्टची लिंक म्हणजे रिपोर्ट नव्हे. तिची मुदत संपते. पीडीएफ उतरवा, त्याला पासवर्ड असेल तर बिनपासवर्डाची प्रत काढून ठेवा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ‘२०१९-०३-०७ सीटी छाती’. आपोआप क्रम लागतो. आजारानुसार बारा फोल्डर करणारे उत्साही लोक पहिल्याच महिन्यात कंटाळतात. माणशी एक फोल्डर पुरे. त्याची एक प्रत घरात, एक घराबाहेर, आणि पासवर्ड घरातल्या आणखी एकाला तरी ठाऊक हवा. बेशुद्ध माणसाचा फोन त्याच्या बोटाचा ठसा घेऊन उघडायची धडपड आयसीयूच्या दारात बघवत नाही.

बायोप्सी झाली असेल तर रिपोर्टवरचा ब्लॉक नंबर जपा. ब्लॉक म्हणजे काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवून केलेली वडी. दुसरं मत घ्यायचं झालं तर काचेच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉक लागतो, कारण नव्या चाचण्यांसाठी काप त्यातूनच काढतात. ब्लॉक प्रयोगशाळेकडून सही करून ताब्यात घ्या, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. स्लाइड कडक डबीतून न्या. काम झालं की दोन्ही परत करून पोच घ्या, पुढच्या वेळी ते तिथेच सापडायला हवेत.